मुलगा ‘दादां’च्या गटात गेला तेव्हापासून बाल न्याय मंडळाच्या आदेशापर्यंत

डिसेंबर 2025 मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्यांनी (प्रोबेशन ऑफिसर) आमच्या मुलाविषयीचा शेवटचा अहवाल अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे पाठवला आणि जवळजवळ वर्षभर चाललेले प्रकरण आमच्यापुरते मिटले. या वर्षात कितीतरी रात्री मी कुणा आईवडिलांनी मराठीतून लिहिलेले काही वाचायला मिळते का, हे शोधत बसले होते. वकिलांचे लेख मिळाले, कायद्याची कलमे मिळाली. पण पोलीस ठाण्यातून फोन आल्यावर पहिल्या तासाभरात काय करायचे, मंडळापुढे मुलाला काय विचारतात, आणि चांगल्या स्वभावाचा, घरात मोकळेपणाने बोलणारा मुलगा सहा महिन्यांत एका माणसाच्या शब्दाबाहेर जाईनासा कसा होतो, हे अनुभवातून सांगणारे फारसे काही हाती लागले नाही. तशाच शोधात असलेल्या एखाद्या घराला उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

मुलाचे, गटाचे, कॉलेजचे आणि आमच्या भागाचे नाव यात येणार नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा प्रकरणातील मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि ही मनाई मुलाच्या भल्यासाठी असल्याने आईनेही ती पाळावी, असे मला वाटते. मुलाने हा मजकूर वाचला आहे. त्याने दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, त्या मी केल्या आहेत.

सुरुवात 2024 च्या जूनमधली. दहावीचा निकाल 27 मे रोजी लागला होता, गुण चांगले होते. त्याच सुमारास आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि लहानपणापासून एका जिन्यात वाढलेली मुले भाड्याच्या घरांमुळे कुणी घोडबंदर रोडला, कुणी कळव्याला, कुणी थेट डोंबिवलीला गेली. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात मुलाला जे कॉलेज मिळाले, तिथे त्याच्या शाळेतले कुणीही नव्हते. नव्या सोसायटीत ओळख नव्हती. तो कॉलेजातून येई, जेवे आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत बसे. माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये आणि माझ्या पतींची रबाळे एमआयडीसीत असल्याने संध्याकाळी सातपर्यंत घरात दुसरे कुणी नसे.

जुलैत जवळच्या व्यायामशाळेतल्या मुलांनी त्याला दहीहंडीच्या सरावाला बोलावले. ठाण्यात वाढलेल्या मुलाला याचे काय अप्रूप असते, ते निराळे सांगायला नको. सराव रात्री साडेनऊला सुरू होई. त्याला दुसऱ्या थरात उभे केले, कारण खांदे रुंद होते. पाठीवर नाव छापलेला काळा टी-शर्ट मिळाला. ऑगस्टमध्ये तो तापाने आजारी पडला, तेव्हा गटातली चार मुले शहाळी घेऊन घरी आली, त्याच्याजवळ तासभर बसली आणि जाताना माझ्या पाया पडली. दुसऱ्या दिवशी गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे ‘दादा’ म्हणत, त्यांचा फोन आला आणि औषधाची गरज असेल तर सांगा, असे ते म्हणाले. शहरात नवे घर थाटलेल्या कुटुंबाला अशा फोनचे मोल फार असते, आणि तो जिव्हाळा त्या मुलांच्या बाजूने खोटा नव्हता, असे मी आजही म्हणेन. पुढे जे झाले, ते याच जिव्हाळ्याच्या आधाराने झाले. हे लक्षात घेतल्याशिवाय या विषयाचा विचारच करता येत नाही.

दहीहंडी आणि गणपती पार पडल्यावर सराव संपायला हवे होते. पण गट चालूच राहिला. पहाटे साडेपाचला व्यायामशाळेत हजेरी सुरू झाली. उशीर झाला तर पन्नास रुपये दंड आणि सर्वांदेखत दंडबैठका. व्हॉट्सॲपवरच्या गटात फक्त ॲडमिनने लिहायचे, बाकीच्यांनी दहा मिनिटांच्या आत अंगठा दाखवायचा. कॉलेजमधल्या गटाबाहेरच्या मित्रांना ‘टाइमपासवाले’ म्हणायचे. दिवाळीपर्यंत मुलाच्या बोलण्यात ‘मी’ जवळजवळ येईनासा झाला होता. ‘आपली पोरं’, ‘आपला नियम’, ‘दादांनी सांगितलंय’ अशीच त्याची वाक्ये सुरू होत. जेवताना एकदा तो म्हणाला, की निवडणुका म्हणजे वेळेचा आणि पैशांचा नाश आहे, या देशाला एक कडक माणूस हवा, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकावे. त्या दिवशी जेवायला आलेल्या आमच्या एका नातेवाइकांनी मान डोलावून ‘या देशाला हुकूमशहाच पाहिजे’ हे आपले नेहमीचे वाक्य म्हटले. अशी वाक्ये आपल्या बैठकीच्या खोल्यांत इतकी रुळली आहेत, की सोळा वर्षांच्या मुलाने ती म्हटल्यावर कुणाला वावगे वाटत नाही. फरक एवढाच, की मोठी माणसे ती म्हणून चहा पितात, आणि मुलाला मात्र त्या वाक्याप्रमाणे वागण्यासाठी रोज पहाटे एक जागा मिळालेली असते.

डिसेंबरात मला त्याच्या दप्तरात एक लांबट वही सापडली. गटाची हजेरीवही ठेवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. अक्षर त्याचेच, सुबक, शाळेत निबंधाला बक्षीस मिळवून देणारे. रकाने पट्टीने आखलेले: तारीख, नाव, हजर, गैरहजर, वर्गणी, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. हजर मुलांपुढे हिरव्या शाईची खूण, गैरहजरांपुढे लाल. शेऱ्यांत लिहिलेले होते: ‘दादांसमोर हसला’, ‘फोन दाखवला नाही’, ‘मुलीशी बोलताना दिसला’. एका मुलाच्या नावापुढे सलग तीन आठवडे एकच शेरा होता: ‘हिशोब मागतो’. हा मुलगा वयाने सतराचा, त्याचे वडील रिक्षा चालवतात, आणि दहीहंडीच्या बक्षिसाच्या पैशांचे काय झाले, एवढेच त्याने विचारले होते.

मी त्या रात्री मुलाशी बोलले. त्याचे उत्तर असे होते, की शिस्त नसेल तर थर कोसळतो. या उत्तरात त्याच्या दृष्टीने काही चूक नव्हती. थरावर उभे असताना ते खरेच असते. दंड भरायला सांगणाऱ्याचे ऐकायचे, मग फोन बघू देणाऱ्याचे ऐकायचे, मग दुसऱ्यावर लक्ष ठेवायचे, या प्रत्येक पायरीला तेच उत्तर पुरत गेले होते.

जानेवारी 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात गटातल्या काही जणांनी त्या हिशोब मागणाऱ्या मुलाला व्यायामशाळेत बोलावून मारहाण केली, त्याला कान धरून माफी मागायला लावली आणि त्याचे चित्रीकरण गटात टाकले. चित्रीकरण आमच्या मुलाच्या मोबाइलवर झाले होते. त्याने हात उचलला नव्हता. तो मोबाइल धरून उभा होता. त्या मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी तक्रार दिली, आणि ती दिली म्हणून मी त्यांची ऋणी आहे.

पोलीस ठाण्यातून फोन दुपारी आला. त्या वेळी मला जे ठाऊक असायला हवे होते, ते इथे लिहिते. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मुलाशी बोलणे त्यांनीच करायचे असते, आणि तेही साध्या कपड्यांत. वयाचा पुरावा म्हणून सर्वांत आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र चालते, ते नसेल तरच महापालिकेच्या जन्मदाखल्याचा विचार होतो. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि तीन-चार छायाप्रती घेऊनच घरातून निघावे. आम्ही आधारकार्ड घेऊन गेलो आणि प्रमाणपत्रासाठी पतींना परत यावे लागले.

तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला या कायद्यात किरकोळ गुन्हा म्हणतात, आणि त्यात केवळ अल्पवयीन मुले असतील तर एरवी गुन्हा नोंदवत नाहीत, पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मंडळाला कळवतात. आमच्या प्रकरणात मात्र प्रौढ व्यक्तीही होत्या, त्यामुळे गुन्हा नोंदला गेला. अडवणूक, मारहाण, धमकी ही कलमे भारतीय न्याय संहितेतली होती. मुलाची पार्श्वभूमी लिहिण्याचा एक छापील नमुना असतो. त्यात घरात कोण कोण आहे, शिक्षण, मित्र, सवयी असे बरेच काही विचारतात. घाईत ‘हो-नाही’ भरून देऊ नये. पुढे मंडळापुढे पहिली ओळख याच कागदाने होते. आमच्याकडून हमीपत्र घेऊन मुलाला त्याच संध्याकाळी आमच्या ताब्यात देण्यात आले. मोबाइल आणि ती हजेरीवही मुद्देमाल म्हणून जमा झाली. पंचनाम्यात मोबाइलचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहिला आहे ना, हे सही करण्याआधी पाहून घ्यावे; परत मिळवण्याचा अर्ज करताना तोच लागतो. मोबाइल परत यायला आमचे सात महिने गेले.

त्या रात्री घरी आल्यावर मुलाने पहिला प्रश्न विचारला, तो गटाविषयी होता: ‘दादांना काय वाटेल?’ त्याच्या मनात मार खाल्लेला मुलगा कुठेच नव्हता. पोलिसांपेक्षा मला त्या प्रश्नाची भीती अधिक वाटली.

वकिलांसाठी आधी एका परिचितांकडून विचारणा केली, तेव्हा चाळीस हजार रुपये आणि प्रत्येक तारखेचे वेगळे, असे सांगण्यात आले. नंतर कार्यालयातल्या एका ताईंनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नाव सुचवले. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचे कार्यालय आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. साधा अर्ज, ओळखपत्र आणि पोलिसांकडून मिळालेला कागद एवढेच लागले. नेमून दिलेल्या वकीलबाई तरुण होत्या आणि त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी बजावल्या. एक, मार खाल्लेल्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागण्याची आमची इच्छा कितीही प्रामाणिक असली, तरी आत्ता जायचे नाही, कारण त्यांना ते दडपण वाटू शकते. दोन, मुलाने मंडळापुढे जे घडले तेच सांगायचे, पढवलेले काही बोलायचे नाही.

ठाणे जिल्ह्याचे मंडळ भिवंडीत, चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाच्या आवारात बसते. बाळकुम नाका, कशेळी, काल्हेर, पूर्णा या रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे किती वेळ जाईल याचा नेम नसतो. साडेदहाला पोहोचायचे असेल तर ठाण्यातून साडेआठला निघावे, डबा आणि पाणी बरोबर ठेवावे. कोर्टाची फी नव्हती. खर्च झाला तो रिक्षा-बसचा, छायाप्रतींचा आणि आमच्या दोघांच्या रजांचा.

फेब्रुवारीतल्या पहिल्या तारखेला मी मनात सिनेमातले न्यायालय धरून गेले होते. तिथे उंच आसन नव्हते, पिंजरा नव्हता. एका टेबलामागे प्रधान दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य बसले होते. त्यांपैकी किमान एक स्त्री असावीच लागते. ‘आरोपी’, ‘अटक’, ‘आरोपपत्र’ असे शब्द तिथे वापरत नाहीत, कायद्यानेच ते टाळायला सांगितले आहे. कागदावर मुलाचा उल्लेख ‘विधी संघर्षग्रस्त बालक’ असा होतो. मुलाला बसायला खुर्ची दिली. आधी अभ्यासाचे विचारले, मग घरचे, मग सदस्य बाईंनी विचारले, ‘चित्रीकरण करताना तू त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतास का?’ मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘स्क्रीनकडे पाहत होतो.’ त्यांनी ते उत्तर लिहून घेतले आणि पुढची तारीख दिली.

सामाजिक तपासणी अहवालासाठी परिवीक्षा अधिकारी घरी आल्या. कायद्यात या अहवालाला दोन आठवड्यांची मुदत आहे. आमच्याकडे थोडा अधिक वेळ लागला, कारण त्यांच्याकडे एकाच वेळी बरीच प्रकरणे होती. त्या शेजाऱ्यांना भेटतील का, ही आमची मोठी धास्ती होती. त्यांनी ‘कॉलेजच्या कामासाठी आले आहे’ असे सांगून सोसायटीत प्रवेश केला आणि कुणालाही काही कळू दिले नाही. तासभर त्यांनी मुलाच्या मित्रांविषयी विचारले. गटात जाण्याआधीचा मित्र कोण, त्याच्याशी शेवटचे कधी बोललास, या प्रश्नावर मुलगा अडखळला. त्यांनी आम्हाला सुचवले, की त्याला गटापासून तोडायचे असेल तर नुसते घरात बसवू नका. महिनाभरात तो परत जाईल. जायला दुसरी जागा शोधा. आमच्या साऱ्या प्रवासात उपयोगी पडलेला हा सर्वांत महत्त्वाचा सल्ला.

मार्चपासून आम्ही समुपदेशकांकडे जाऊ लागलो. खासगी होते, एका बैठकीचे पंधराशे रुपये. ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. सुरुवातीच्या रात्री मी स्वतः त्यावर बोलले होते. समुपदेशकांनी मुलाला दादांविषयी एकही वाईट शब्द ऐकवला नाही. त्यांनी त्याला 1967 सालची, अमेरिकेतल्या पालो आल्टो गावच्या एका शाळेतली हकिकत सांगितली. रॉन जोन्स नावाचे इतिहासाचे शिक्षक मुलांना नाझी जर्मनीविषयी शिकवत होते. सामान्य माणसांनी हे सगळे होऊ कसे दिले, या मुद्द्यावर त्यांनी वर्गातच एक प्रयोग सुरू केला. ताठ बसायचे, उभे राहून थोडक्यात उत्तर द्यायचे, एकमेकांना ठरावीक पद्धतीने सलाम करायचा, आणि शिस्तीतून, समूहातून, कृतीतून सामर्थ्य येते ही घोषवाक्ये. मग सदस्यत्वाची कार्डे वाटली आणि त्यांतल्या तिघांच्या कार्डांवर लाल फुली करून, नियम मोडणाऱ्यांची नावे कळवण्याचे काम दिले. जोन्स यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तान्तानुसार काम तिघांना दिले होते, पण चुगल्या घेऊन आली त्याच्या कितीतरी पट मुले. आठवड्याच्या आत प्रयोग हाताबाहेर जातो आहे हे पाहून त्यांनी मुलांना एका सभेत बोलावले, तुमचा नेता आता दिसेल असे सांगून रिकामा पडदा दाखवला, आणि जर्मनीत काय झाले ते समजावले.

मुलाने ही हकिकत घरी येऊन मला सांगितली. लाल फुलीशी तो थांबला. ‘माझ्याकडे वही होती’, एवढेच म्हणाला आणि आत गेला. त्या दिवसानंतर दादांना काय वाटेल, हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा आला नाही. जोन्स यांच्या प्रयोगावर शास्त्रीय प्रयोग म्हणून आक्षेप घेता येतील, कारण त्याची हकिकत बव्हंशी त्यांच्याच लेखनातून आपल्यापर्यंत आली आहे. पण माझ्या मुलाला त्यात स्वतःचे अक्षर दिसले, आणि कुठल्याही उपदेशाने ते काम झाले नसते.

मीही त्या काळात बरेच वाचले. हिटलरच्या युवक संघटनेत जाणे मुलांना पूर्णपणे सक्तीचे झाले ते 1939 मध्ये. त्याच्या आधीच लाखो मुले तिच्यात होती, आणि पुष्कळांना तिथे ओढून नेणाऱ्या गोष्टी म्हणजे सहली, तंबू, गाणी, गणवेश आणि आईबापांपासून दूर मिळालेले महत्त्व या होत्या. विचार नंतर आले. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात रेघांच्या लांबीवर केलेले प्रयोगही वाचले: खोलीतल्या सगळ्यांनी डोळ्यांसमोरच्या रेघेबद्दल चुकीचे उत्तर दिले, की एकटा पडलेला माणूस बऱ्याचदा त्यांच्या सुरात सूर मिसळतो, पण एक जरी सोबती बरोबर उत्तर देणारा निघाला, तर हे मिसळणे झपाट्याने कमी होते. हे वाचल्यावर मला त्या रिक्षाचालकाच्या मुलाचे धैर्य पुरते कळले. हिशोब मागताना त्याच्या बाजूला कुणीच नव्हते, आणि माझा मुलगा तिथे हजर असूनही त्याचा सोबती झाला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 25 नोव्हेंबर 1949 चे संविधान सभेतले भाषण आम्ही तिघांनी एका रविवारी मिळून वाचले. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा त्यांनी तिथे दिला आहे, आणि धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले आहे. मुलाने विचारले, की मग मोठ्या माणसाचा आदर करायचाच नाही का. माझ्या पतींनी त्याला उत्तर दिले, की ज्याला हिशोब विचारता येतो त्याचा आदर जरूर करावा. या विषयावर आमचे अजूनही वाद होतात, आणि ते होतात याचा मला आनंद आहे.

पुढच्या तारखांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मार्चची तारीख सदस्य नसल्याने पुढे गेली, एप्रिलची अकरावीच्या परीक्षेमुळे आम्हीच अर्ज करून पुढे मागून घेतली. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवायचे, अशी कायद्याची मर्यादा आहे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव मुदतीतही न संपल्यास ती बंद होते. काही पालक मंडळाबाहेरच्या बाकावर याच आशेवर तारखा लांबवण्याविषयी बोलत. मला ते पटले नाही. चौकशी आपोआप बंद झाली असती, तर मुलाच्या हातून घडलेल्या गोष्टीला कुणी नाव दिले नसते, आणि ज्याने मार खाल्ला त्याला काहीच मिळाले नसते.

आदेश जून 2025 मध्ये झाला. मुलाला समज देणे, गट समुपदेशन, तीन महिने दर शनिवारी सामुदायिक सेवा, आणि सहा महिने परिवीक्षा अधिकाऱ्यांची देखरेख. सामुदायिक सेवेत बागेची देखभाल, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत अशी कामे येतात. मुलाला एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढायला मदत करण्याचे काम मिळाले. पहिल्या शनिवारी तो चिडून आला, कारण एका आजोबांनी त्याला चुकीच्या खिडकीवर पाठवल्याबद्दल सर्वांदेखत झापले होते. ‘मग तू काय केलंस?’ असे मी विचारले. ‘सॉरी म्हटलं आणि बरोबर खिडकीवर नेलं.’ व्यायामशाळेत मोठ्याने झापले जाण्याचा अर्थ दंडबैठका होता आणि तिथे झापणारा एकच असे. इथे कुणीही झापू शकत होते, त्यालाही उलट सांगता येत होते, आणि रांग पुढे सरकत होती. सप्टेंबरात आदेशातले शनिवार संपल्यावरही तो दिवाळीपर्यंत जात राहिला.

दुसरी जागा मात्र कॉलेजात सापडली. जुलैत त्याच्या वर्गातल्या एका मुलीने एकांकिकेसाठी प्रकाशयोजनेला माणूस हवा म्हणून त्याला नेले. तालमी रात्री उशिरापर्यंत चालत, सगळे एका डब्यात जेवत, एकच टी-शर्ट घालत. वरवर पाहता मला पुन्हा तेच सारे दिसत होते आणि माझी झोप उडाली होती. मी परिवीक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, टी-शर्टकडे पाहू नका. तिथे नाही म्हणणाऱ्याचे काय होते, ते मुलाला विचारा. विचारले. त्याने सांगितले, की आदल्या दिवशी नायिकेचे काम करणारी मुलगी दिग्दर्शकाला ‘हा प्रसंग खोटा आहे’ म्हणाली, दोघे अर्धा तास भांडले, प्रसंग बदलला, आणि मग दिग्दर्शकानेच सगळ्यांसाठी वडापाव आणले. वर्गणीच्या हिशोबाचा कागद तालमीच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला असतो, हेही त्याने न विचारता सांगितले.

आदेशानंतरच्या कागदांविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण मंडळाबाहेर भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक आईला हीच चिंता होती. कलम 24 नुसार या कायद्याखाली झालेल्या निर्णयामुळे मुलावर कुठलीही अपात्रता येत नाही, आणि कलम 74 नुसार प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीदेखील त्याची नोंद उघड करायची नसते. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याची तरतूदही आहे, अपवाद गंभीर स्वरूपाच्या ठरावीक प्रकरणांचा. आदेशाची प्रमाणित प्रत मात्र स्वतःजवळ जपून ठेवावी. मोबाइल सोडवतानाही तिची प्रत जोडावी लागली.

आदेश झाल्यावर वकीलबाईंच्या सल्ल्याने आम्ही त्या मुलाच्या वडिलांना निरोप पाठवला, की त्यांची इच्छा असेल तरच आम्ही येऊ. उत्तर ऑगस्टमध्ये आले. आम्ही गेलो तेव्हा आमच्या मुलाने त्या मुलाला सांगितले, की ‘हिशोब मागतो’ हा शेरा मी लिहिला होता. हे त्याला आधी माहीत नव्हते. त्याने ऐकून घेतले, पण माफ केले असे म्हटले नाही, आणि तसे म्हणण्याचा आग्रह आमच्यापैकी कुणी केला नाही. त्याच्या आईने चहा दिला. औषधोपचाराचा खर्च देण्याची आमची तयारी वडिलांनी नाकारली.

प्रौढ व्यक्तींवरचा खटला ठाण्याच्या न्यायालयात वेगळा चालू आहे. अल्पवयीन मुलाची चौकशी आणि प्रौढांचा खटला एकत्र चालवता येत नाहीत. त्या खटल्यात आमच्या मुलाला साक्षीसाठी बोलावणे येऊ शकते, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. तोवर तो अठरा वर्षांचा झालेला असेल. समन्स आले तर जायचे, असे त्याने ठरवले आहे, आणि त्या दिवशी एकांकिकेतले दोघे मित्र बरोबर येतो म्हणाले आहेत. दादा त्या दालनात समोर असतील. वहीतले कुठले शेरे कुणाच्या सांगण्यावरून लिहिले, हे त्याने आत्ताच आठवून एका कागदावर उतरवले आहे. आम्ही तो कागद वकीलबाईंकडे दिला आहे.